हरकतीच्या पत्रावर सही करू का?

प्रश्न : आमची वस्ती जुनी, शांत, बहुतेक स्वतंत्र घरांची आहे. नगरपालिकेने नव्या आराखड्यात आमच्या भागात तीन मजली इमारती आणि छोट्या सदनिका बांधायला परवानगी द्यायचं ठरवलं आहे. मोठ्या प्रकल्पांत काही घरं कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखीव असतील. शेजाऱ्यांनी मिळून हरकतीचं पत्र तयार केलं आहे. त्यात पाणी, सांडपाणी, गाड्यांची गर्दी आणि 'वस्तीचं स्वरूप बिघडेल' असे मुद्दे आहेत. घर भाड्याने देणाऱ्याला परवाना लागावा आणि भाडेकरूंबद्दल तक्रारी आल्या तर तो रद्द व्हावा, अशीही मागणी शेवटी केली आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझीच राहिली आहे. ही माणसं वाईट नाहीत, अडीअडचणीला हीच धावून येतात. पण माझी मुलगी कित्येक महिने भाड्याचं घर शोधते आहे. नोकरीच्या जवळ परवडत नाही, आणि जिथे परवडतं तिथे 'एकट्या मुलीला देत नाही' म्हणतात. पत्र वाचताना सारखी तीच डोळ्यांसमोर येते. नवरा म्हणतो, घरांच्या किमती बाजार ठरवतो, नगरपालिकेच्या कागदांनी काही होत नाही, उगाच शेजाऱ्यांशी वाकडं घेऊ नकोस. खरंच काही होत नाही का? सही करू की नको?

उत्तर : या पत्रावर सही करू नका. पण गप्पही बसू नका. स्वतःचं वेगळं पत्र लिहा आणि मुदतीच्या आत नगरपालिकेत द्या. त्यात काय असावं ते पुढे सांगते. आधी तुमच्या नवऱ्याचं म्हणणं घेऊ, कारण त्यांच्यासारखाच विचार करणारी माणसं पुष्कळ आहेत.

घरांच्या किमती बाजार ठरवतो, हे अर्धंच खरं आहे. बाजारात कोणत्या प्रकारची आणि किती घरं येऊ शकतात, हे त्याआधी नियमावलीत ठरलेलं असतं. एका भूखंडावर एकच घर बांधायचं असा नियम असेल, तर त्या जमिनीची सगळी किंमत एकाच कुटुंबाला सोसावी लागते. तिथेच सहा सदनिकांना परवानगी मिळाली की तो भार सहा जणांत वाटला जातो. भूखंडाचं किमान क्षेत्रफळ, मजल्यांची मर्यादा, चटई क्षेत्र (म्हणजे भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येतं), बाजूला सोडायची मोकळी जागा, घरामागे किती गाड्यांची सोय हवी, हे सगळे आकडे तांत्रिक वाटतात म्हणून आपण ते वाचत नाही. पण ज्याच्याकडे गाडीच नाही त्यालाही घराच्या किमतीतून पार्किंगचे पैसे भरावे लागतात, कारण बांधणाऱ्यावर ती जागा सोडण्याची सक्ती असते. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये ही सक्ती काढून टाकली. ह्यूस्टनने १९९८ मध्ये शहराच्या मध्य भागात एका घरासाठी लागणारा किमान भूखंड ५,००० चौरस फुटांवरून १,४०० चौरस फुटांवर आणला. मग एका जुन्या घराच्या जागी तीन-तीन, चार-चार चिंचोळी घरं उभी राहू लागली आणि २०१३ मध्ये तोच नियम शहराच्या उरलेल्या भागालाही लावला गेला. नियमावलीतला एक आकडा बदलला आणि पूर्वी जिथे एक कुटुंब राहत होतं तिथे तिघा-चौघांना जागा झाली.

तेव्हा कागदांनी काही होत नाही, असं नाही. आता ते कागद कुणाला आत घेतात आणि कुणाला बाहेर ठेवतात ते पाहू. 'वस्तीचं स्वरूप' या मुद्द्यावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण त्याचा इतिहास माहीत नसताना त्याखाली सही करू नये असं मला मनापासून वाटतं.

१९१० मध्ये बाल्टिमोर शहराने नियम केला की ज्या गल्लीत गोरे लोक जास्त आहेत तिथे कृष्णवर्णीयांनी राहायला जायचं नाही, आणि कृष्णवर्णीयांच्या गल्लीत गोऱ्यांनी. इतर शहरांनी त्याचं अनुकरण केलं. लुईव्हिल शहराचा असाच नियम १९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मालकाने आपली मालमत्ता कुणाला विकावी यावर गदा येते, हे त्याचं मुख्य कारण होतं. माणसाचा रंग पाहून जागा नाकारण्याची वाट बंद झाली, तेव्हा बऱ्याच शहरांनी इमारतीचा प्रकार पाहून जागा नाकारायला सुरुवात केली. १९२६ मध्ये क्लीव्हलंडजवळच्या युक्लिड या गावाच्या झोनिंगला, म्हणजे कोणत्या भागात काय बांधता येईल हे ठरवणाऱ्या नियमांना, त्याच न्यायालयाने मान्यता दिली. स्वतंत्र घरांच्या भागात आलेली अपार्टमेंटची इमारत म्हणजे तिथली मोकळी हवा आणि छान परिसर यांच्यावर जगणारं निव्वळ बांडगूळ, अशा अर्थाचं वाक्य त्या निकालात आहे. शब्द इमारतीबद्दल होते, पण अपार्टमेंटमध्ये राहायचे ते भाडेकरू, मजूर, नव्याने स्थलांतर करून आलेली कुटुंबं. कुणाचंही नाव न घेता त्या सगळ्यांना वेशीबाहेर ठेवण्याची सोय झाली. आणि नियमात कुणाचं नावच नसल्यामुळे त्याविरुद्ध दाद मागणं फार अवघड होऊन बसलं.

ज्यांच्या मनात काहीच वाईट नाही त्यांच्या हातूनही हे घडतं. क्लीव्हलंडच्या शेजारच्याच ईस्ट क्लीव्हलंड शहराची गोष्ट ऐका. 'कुटुंब' कुणाला म्हणायचं याची व्याख्या तिथल्या नगरपालिकेने घरांच्या नियमात घालून ठेवली होती. इनेझ मूर या आजीबाई आपला मुलगा आणि दोन नातवंडांसह राहत होत्या. नातवंडं एकमेकांची चुलत भावंडं. त्यातला एक मुलगा आई वारल्यावर लहानपणीच आजीकडे आला होता. एका मुलाची मुलं आजीबरोबर राहिली तर चालतील, दोन वेगवेगळ्या मुलांची चालणार नाहीत, असा त्या व्याख्येचा अर्थ निघत होता. नातवाला घराबाहेर काढा, अशी नोटीस आजीला आली. तिने ऐकलं नाही, म्हणून पाच दिवसांचा तुरुंगवास आणि २५ डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७७ मध्ये आजी जिंकली, तीही पाच विरुद्ध चार मतांनी, म्हणजे थोडक्यात. शहराने आपल्या नियमाचं समर्थन करताना कोणती कारणं दिली होती ठाऊक आहे? दाटी होऊ नये, वाहनांची आणि पार्किंगची गर्दी वाढू नये, शाळांवर बोजा पडू नये. तुमच्यासमोरच्या पत्रातले मुद्दे याहून फार वेगळे नाहीत. ईस्ट क्लीव्हलंड तेव्हा कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेलं शहर होतं, त्यामुळे वंशद्वेषाचा प्रश्नही नव्हता. चांगल्या माणसांनी चांगल्या कारणांसाठी केलेला नियम एका नातवाला आजीपासून तोडायला निघाला होता. तुमचे शेजारी वाईट नाहीत हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच नियम तपासताना माणसांचा स्वभाव पुरेसा पडत नाही, नियमाचा परिणाम कुणावर होतो ते पाहावं लागतं.

तुमच्या शेजाऱ्यांना खरी भीती कशाची असेल, याचा अंदाज मी करू शकते. घराची किंमत उतरेल, चोऱ्या-माऱ्या वाढतील, कर वाढेल. पत्रात हे लिहिलेलं नसतं, पण बोलण्यात येतं. त्यांना माउंट लॉरेलबद्दल सांगा. न्यू जर्सी राज्यातल्या या गावात एथेल लॉरेन्स नावाच्या बाईंचं घराणं पिढ्यान् पिढ्या राहत होतं. गावाच्या नियमांत मोठ्या भूखंडावरच्या स्वतंत्र घरांखेरीज जवळपास कशालाच थारा नव्हता. तिथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना आपल्या मुलांसाठी ३६ छोटी घरं बांधायची होती. ज्यांना इथे राहणं परवडत नाही त्यांनी दुसरीकडे जावं, असं १९७० मध्ये महापौरांनी त्यांना चर्चमध्ये भरलेल्या सभेत तोंडावर सांगितलं. लॉरेन्सबाई आणि इतर मंडळी न्यायालयात गेली. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रत्येक नगरपालिकेने परिसराच्या गरजेतला आपला न्याय्य वाटा उचललाच पाहिजे, नियमांच्या आडून गरिबांना शेजारच्या गावाकडे ढकलता येणार नाही. नगरपालिका तरी हलेनात, तेव्हा १९८३ मध्ये न्यायालयाने तेच आणखी कडक शब्दांत सांगितलं. एथेल लॉरेन्स १९९४ मध्ये वारल्या. त्यांच्या नावाच्या संकुलात पहिली कुटुंबं राहायला आली ती २००० च्या सुमारास.

तीस वर्षांचा लढा १४० घरांसाठी. त्या घरांनी गावाचं काय बिघडवलं, याचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. आजूबाजूच्या गावांशी ताडून पाहता गुन्हे, घरांच्या किमती आणि कर यांपैकी कशावरही त्या संकुलाचा परिणाम त्यांना आढळला नाही. राहायला आलेल्या कुटुंबांचं रोजगाराचं आणि मुलांच्या शिक्षणाचं मात्र सुधारलं. एका गावाचा अभ्यास सगळीकडे जसाच्या तसा लागू पडतो असं मी म्हणणार नाही. पण ज्या भीतीपायी तीस वर्षं गेली ती भीती तिथे खरी ठरली नाही, हे तुमच्या शेजाऱ्यांच्या कानावर घालायलाच हवं.

पाणी आणि सांडपाणी यांचं मात्र तसं नाही. जलवाहिनी जुनी असेल, पंप कमी पडत असेल, तर ती खरी अडचण आहे आणि ती मांडण्यात काहीही गैर नाही. फक्त आरोग्य आणि सोयी यांच्या नावाखाली माणसं हटवण्याचे प्रकार पूर्वी फार झाले आहेत, तेवढं भान ठेवावं. १८७० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने नियम केला की खोलीत दर प्रौढ माणसामागे ५०० घनफूट हवा हवी. प्रत्यक्षात तो चिनी मजुरांच्या खोल्यांवर धाडी घालायला वापरला गेला, आणि पकडलेल्यांना ज्या तुरुंगात कोंबलं तिथेही माणशी तेवढी हवा नव्हती. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर दोन वर्षांनी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्या पाडून हवा-उजेड आणायचा, हा त्याचा हेतू. पण घरं पाडली गेली त्या वेगाने नवी उभी राहिली नाहीत, आणि बेघर झालेली कितीतरी माणसं शेजारच्या आधीच भरलेल्या खोल्यांत जाऊन राहिली. दाटी होती तशीच राहिली, फक्त दुसऱ्या गल्लीत गेली.

म्हणून पाण्याबद्दल लिहाल तेव्हा 'पाणी पुरणार नाही, सबब परवानगी देऊ नये' असं लिहू नका. 'पाणी किती उपलब्ध आहे आणि वाढीव घरांना किती लागेल, याचा हिशेब जाहीर करा, आणि जलवाहिनीचं काम कोणत्या टप्प्यात होणार ते आराखड्यात लिहा' अशी मागणी करा. पहिल्या वाक्याने माणसं अडतात. दुसऱ्याने नगरपालिका कामाला लागते, आणि त्याचा फायदा तुमच्या जुन्या घरांनाही होतो.

भाडेकरूंबद्दलच्या तक्रारींवरून परवाना रद्द करण्याची मागणी मला त्या पत्रातली सगळ्यांत धोक्याची वाटली. पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाउनमध्ये असाच नियम होता. चार महिन्यांत तीनदा पोलिसांना एखाद्या भाड्याच्या घरी गोंधळाबद्दल यावं लागलं, तर घरमालकाचा परवाना जाऊ शकत असे, म्हणजे भाडेकरूला घर सोडावं लागे. तिथली एक बाई आपल्या पूर्वीच्या जोडीदाराची मारहाण सोसत होती. पोलिसांना बोलावलं तर घर जाईल, म्हणून ती बोलवेना. २०१२ मध्ये त्याने काचेने तिचा गळा भोसकला, तेव्हाही तिने फोन केला नाही, तो शेजाऱ्यांनी केला. ती इस्पितळातून परतल्यावर नगरपालिकेने तिला घराबाहेर काढण्यासाठी मालकामागे लकडा लावला. पुढे ती न्यायालयात गेली, २०१४ मध्ये नगरपालिकेने तडजोड करून भरपाई दिली आणि तो नियम मागे घेतला. घर भाड्याने देणाऱ्यांची नोंदणी असावी, घर राहण्याजोगं आहे की नाही याची तपासणी व्हावी, हे मला मान्य आहे. पण भाडेकरूबद्दल आलेल्या तक्रारीला घर काढून घेण्याची शिक्षा जोडली, की सगळ्यांत दुबळा माणूस मदतच मागायचा थांबतो. तुमची मुलगी उद्या भाड्याच्या घरात राहणार आहे. रात्री कुणी दार ठोठावलं तर तिने निर्धास्तपणे पोलिसांना फोन करावा असंच तुम्हाला वाटेल ना?

आता दुसरी बाजू. परवानगी दिली तर घरं खरोखर स्वस्त होतात का? मदत होते, असं आतापर्यंतचा अनुभव सांगतो. न्यूझीलंडच्या ऑकलंड शहराने २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागात जास्त दाट बांधकामाला मुभा दिली. पुढच्या पाचेक वर्षांत बांधकाम परवान्यांची संख्या जवळपास दुप्पट झाली. भाडी एरवी जितकी वाढली असती त्याहून कमी वाढली, असा तिथल्या विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. किती कमी, यावर वाद आहेत. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसने २०१८ मध्ये फक्त स्वतंत्र घरांसाठी राखून ठेवलेले विभाग रद्द करण्याचा निर्णय घेतला, पार्किंगची सक्तीही टप्प्याटप्प्याने काढली. २०१७ ते २०२२ या काळात तिथे घरांची संख्या सुमारे १२ टक्क्यांनी वाढली आणि भाडी एखाद्या टक्क्यानेच, तर राज्याच्या उरलेल्या भागात भाडी १४ टक्क्यांनी चढली. यातली बरीचशी नवी घरं मोठ्या रस्त्यांवरच्या मोठ्या इमारतींत झाली. गल्लीतल्या जुन्या घरांच्या जागी तीन-तीन सदनिका, असं फार थोड्या ठिकाणी घडलं. म्हणजे तुमच्या गल्लीचा चेहरामोहरा रातोरात बदलेल, ही धास्ती धरायचं कारण नाही.

पण नुसती परवानगी देऊन न्याय होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. बाजार आधी ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्यासाठी बांधतो. सगळ्यांत कमी कमाई असलेल्या माणसापर्यंत घर पोचायला नगरपालिकेला स्वतः काहीतरी करावं लागतं. व्हिएन्नाने १९२३ मध्ये घरांवर चढत्या दराचा कर बसवला, आलिशान घरांवर जास्त आणि साध्या घरांवर अगदी थोडा, आणि त्यातून १९३४ पर्यंत ६०,००० हून अधिक सदनिका बांधल्या. आजही त्या शहराच्या मालकीच्या सुमारे २,२०,००० सदनिका आहेत, आणि निम्म्याच्या आसपास रहिवासी शहराच्या किंवा मर्यादित नफ्याच्या संस्थांच्या घरांत राहतात. शिक्षक, ड्रायव्हर, निवृत्त माणसं, सगळी एकाच जिन्यावर. त्या व्यवस्थेतही फट राहिली. शहराच्या घरासाठी अर्ज करायचा तर आधी दोन वर्षं तिथे एकाच पत्त्यावर राहिलेलं असावं, असा नियम अनेक वर्षं होता. जो नुकताच आला होता किंवा ज्याला दर सहा महिन्यांनी खोली बदलावी लागे, तो बाहेरच राहायचा. घर ज्याला सगळ्यांत जास्त हवं, त्याच्याकडेच पत्त्याचा पुरावा नसतो. तुमच्या आराखड्यातल्या राखीव घरांसाठी कोणते कागद मागणार आहेत, हे म्हणूनच नक्की विचारा.

फ्रान्समध्ये २००० सालच्या कायद्याने ठरावीक लोकसंख्येवरच्या शहरी नगरपालिकांना २० टक्के घरं सामाजिक भाड्याची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी कमी भाड्याची, असावीत असं बंधन घातलं, २०१३ मध्ये अनेक ठिकाणी ते २५ टक्क्यांवर नेलं. काही श्रीमंत नगरपालिका वर्षानुवर्षं दंड भरतात, पण घरं बांधत नाहीत. मला याचा राग येतो. दंडाची रक्कम तिजोरीतून जाते आणि जागा मात्र तशीच बंद राहते. राखीव घरांऐवजी पैसे भरण्याची पळवाट तुमच्या आराखड्यात असेल, तर ती बंद करायला सांगा.

आता तुमचं पत्र. भाषा साधी ठेवा, एक पान पुरे. सुरुवातीलाच लिहा की तुमचा प्रस्तावाला पाठिंबा आहे, नाहीतर सूचना वाचून तुमचं नाव हरकतींच्या गठ्ठ्यात जाईल. मग पाण्याची आणि सांडपाण्याची मागणी वर सांगितली तशी. त्यानंतर राखीव घरांबद्दल प्रश्न. ती किती वर्षं राखीव राहणार? पहिल्या खरेदीनंतर ती खुल्या बाजारात विकता येणार असतील, तर दहा वर्षांनी पुन्हा शून्यावर. वाटप कोण करणार, सोडत उघड होणार का, यादी लोकांना पाहता येणार का? ती घरं त्याच इमारतीत, त्याच प्रवेशद्वाराने असणार, की मागच्या बाजूला वेगळी? लंडनच्या एका संकुलात सामाजिक घरांतल्या मुलांना कुंपण घालून सामाईक खेळाच्या जागेपासून दूर ठेवलं होतं. २०१९ मध्ये बातमी झाली, आरडाओरड झाली, तेव्हा ते हटलं. असलं कुंपण नकाशात आधी येतं आणि जमिनीवर नंतर, म्हणून नकाशा पाहायला मागा. आणखी एक गोष्ट, जी बहुतेक पत्रांत राहून जाते. तुमच्या भागात आज जे भाडेकरू आहेत त्यांचं काय? जुनं घर पाडून इमारत उठली तर मालकाचं भलं होतं. भाडेकरूला त्याच भाड्याच्या आसपास परत येण्याचा हक्क आणि बांधकामाच्या काळात राहण्याची सोय नियमात लिहिली नाही, तर गरिबांसाठी आणलेल्या आराखड्यातून पहिली हकालपट्टी गरिबाचीच होते.

सुनावणी कधी आहे तेही पाहा. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टन परिसरातल्या ९७ गावा-शहरांच्या नियोजन सभांची इतिवृत्तं तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी वाचून काढली. बोलायला उठणारे बहुतांशी वयस्क, जुने रहिवासी, स्वतःच्या मालकीचं घर असलेले. नवीन घरांच्या बाजूने बोलले जेमतेम १५ टक्के. आणि त्याच राज्याच्या मतदारांनी २०१० मध्ये परवडणाऱ्या घरांचा कायदा रद्द करायला बहुमताने नकार दिला होता. म्हणजे सभेत जे ऐकू येतं ते गावाचं मत असतंच असं नाही. जो भाडेकरू दुपारी कामावर आहे, जी आई लहान मुलाला सोडून येऊ शकत नाही, जे कुटुंब त्या घरात पुढे राहायला येणार पण आज दुसऱ्याच गावात आहे, ते त्या खोलीत नसतात. सुनावणी कामाच्या वेळेत ठेवली असेल तर ती संध्याकाळी घ्या, लेखी आणि ऑनलाइन सूचनाही तितक्याच मानाने नोंदवा, असं लिहा. तुमच्या मुलीलाही स्वतःचं पत्र पाठवायला सांगा. घर शोधताना तिला काय काय ऐकावं लागलं ते तिच्याच शब्दांत लिहू दे. अशी पत्रं नगरसेवकांच्या टेबलावर फार कमी येतात.

'एकट्या मुलीला देत नाही' या उत्तरावर नगरपालिका काही करू शकते का? काही ठिकाणी केलं आहे. सिॲटल शहराने २०१७ पासून नियम लागू केला की घरमालकाने आपल्या अटी आधी जाहीर कराव्यात आणि त्या पूर्ण करणाऱ्या पहिल्या अर्जदाराला घर द्यावं. मनात येईल त्याला टाळायला जागाच राहू नये, हा हेतू. घरमालक न्यायालयात गेले, पण २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला. प्रत्येक नगरपालिकेला एवढे अधिकार नसतात. पण ज्या बांधकामाला ती सवलत देते, जादा मजला देते, त्यातल्या घरांसाठी भेदभाव न करण्याची लेखी अट घालणं आणि तक्रार ऐकायला एक अधिकारी नेमणं, एवढं बहुतेक ठिकाणी शक्य असतं. ही मागणी पत्रात घाला. मुलीला सांगा की नकार मिळतो तेव्हा तारीख, जागा आणि काय शब्द वापरले ते टिपून ठेवायचं, जमेल तिथे मेसेजवर उत्तर मागायचं. तक्रारीची सोय झाली की हेच टिपण उपयोगी पडेल.

राहिले शेजारी. सही न करण्याचं कारण त्यांना तिसऱ्याकडून कळू देऊ नका. ज्यांच्याशी सगळ्यांत जवळचा घरोबा आहे त्यांच्याकडे स्वतः जा, आपल्या पत्राची प्रत द्या, आणि पाण्याच्या मागणीवर त्यांची सही मागा. त्यांच्या पत्रातला तो मुद्दा तुम्ही सोडलेला नाही, उलट जास्त ठोस केला आहे, हे त्यांना दिसेल. मुलीचं सांगायचं की नाही, हे तिला विचारून ठरवा. ती हो म्हणाली तर जरूर सांगा. तिला लहानपणापासून पाहिलेल्या माणसांना 'कमी उत्पन्नाची कुटुंबं' आणि 'भाडेकरू' म्हणजे कोण, हे त्यातून जितकं कळेल तितकं माझ्या या सगळ्या दाखल्यांतून कळणार नाही. काही जण रुसतील. एखाद-दोघं कदाचित खाजगीत येऊन म्हणतील की त्यांनाही ते पत्र पटलं नव्हतं. त्यांना तुमच्या पत्रावर सही करायची असेल तर करू द्या, वेगळं लिहायचं असेल तर आणखी चांगलं, कारण दहा सह्यांच्या एका पत्राची नोंद बऱ्याचदा एकच सूचना म्हणून होते. हरकती-सूचनांची शेवटची तारीख नोटिशीत असते, ती आजच पाहून घ्या, आणि पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या.